खरं आहे, पण इथलं नाही!

उताऱ्यात न बसणारं वाक्य शोधा, हा पाचवीतल्या पोरांचा खेळ. पण तो नीट न शिकल्याची किंमत आपण कॉलेजात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि ग्रामसभेत मोजतोय.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लाखनी तालुक्यातलं गाव, संध्याकाळची वेळ, समाजमंदिराच्या ओट्यावर पाचवी-सहावीतले आठ-दहा पोट्टे जमलेले. मी कागदाच्या पाच पट्ट्या कापून नेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एक वाक्य.

आमच्या गावचा तलाव खूप जुना आहे.
पावसाळ्यात त्यात पाणी साठतं.
हे पाणी पाटानं धानाच्या बांध्यांना मिळतं.
आमच्या गावात मंगळवारी बाजार भरतो.
गाळ साचल्यामुळे आता तलावात पाणी कमी मावतं.

‘यातलं कोणतं वाक्य इथलं नाही?’ मी विचारलं.

बहुतेकांनी क्षणात बाजाराच्या पट्टीवर बोट ठेवलं. सोपंच होतं. पण एक पोट्टी काही ऐकेना. म्हणाली, ‘पन ताई, तरयातल्या मासोऱ्या बजारातच तं इकतेत ना!’

तलावातले मासे बाजारातच विकतात, मग बाजाराचं वाक्य बाहेरचं कसं?

माझ्या तोंडात ‘चूक’ हा शब्द आलाच होता. कसाबसा गिळला. विचारलं, ‘बरं, मग ही पाच वाक्यं कशाबद्दल आहेत ते आधी सांगा.’ ती म्हणाली, तलावाबद्दल. दुसरा म्हणाला, तलावाबद्दल नाही, तलावाच्या पाण्याबद्दल. मग दहा मिनिटं नुसता कल्ला. शेवटी पोरांनीच तोडगा काढला. पाण्याबद्दल असेल तर बाजार बाहेर. तलावाचा गावाला काय उपयोग, याबद्दल असेल तर बाजार आत, पण त्याआधी माशांचं एक वाक्य घालावं लागेल.

उत्तरपत्रिकेच्या हिशेबानं त्या पोरीला शून्य गुण. माझ्या हिशेबानं त्या ओट्यावर सगळ्यात जास्त डोकं तिनंच चालवलं होतं.

तेव्हापासून मला वाटतंय, की हा प्रश्न आपण मुलांना विचारतो, पण शिकवत नाही. आणि शिकवला नाही, तर पुढे काय होतं ते बघायला फार लांब जायची गरज नाही. आपल्याकडेच बघितलं तरी पुरे.

शॉर्टकट शिकलो, गोष्ट राहिली

प्रश्न आपल्याला नवा नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ आपण सगळ्यांनी सोडवलाय. आंबा, पेरू, बटाटा, चिकू. गोल करा बटाट्याला, पुढे चला. तोच प्रश्न मोठा होऊन एमबीएच्या ‘कॅट’मध्ये येतो. पाच वाक्यं देतात, त्यातल्या चारांचा परिच्छेद जुळतो, उरलेलं एक शोधायचं. म्हणजे दहाव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत आपण हेच सोडवत असतो.

पण शिकतो काय? युक्ती. ‘सगळ्या वाक्यांत जो शब्द आहे तो ज्या वाक्यात नाही, ते काढून टाक.’ क्लासमध्ये हेच सांगतात, आणि सोप्या प्रश्नात ते चालतंही.

आता वरच्या उताऱ्यात बाजाराच्या जागी हे वाक्य टाका : ‘नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी खूप गर्दी असते.’ यात ‘तलाव’ शब्द आहे. युक्तीच्या भरवशावर बसलेला मुलगा ते आत ठेवेल. आणि ‘गाळ काढायला गावानं वर्गणी जमवली’ या वाक्यात ‘तलाव’ नाही, म्हणून ते बाहेर काढेल. दोन्ही चूक. शब्द जुळले म्हणजे मुद्दा जुळला असं नसतं.

मुद्दा जुळतो की नाही हे बघायला आधी मुद्दा काय, हे ठरवावं लागतं. ‘हा उतारा कशाबद्दल आहे?’ याचं उत्तर एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत. खरी मेहनत इथे आहे. ती झाली, की बाहेरचं वाक्य बहुतेक वेळा आपोआप उघडं पडतं. ती न करता बाहेरचं वाक्य शोधणं म्हणजे वर कोण, वधू कोण हे न विचारताच मांडवात शिरून ‘यातला बिनबुलाया पाहुणा कोण’ म्हणून शोधत बसणं.

खोटं नाही, म्हणूनच अवघड

बाहेरच्या वाक्याचे तीन प्रकार असतात. हे माझं वर्गीकरण, पोरांबरोबर खेळता खेळता केलेलं.

पहिलं, सरळ दुसऱ्याच विषयाचं. तलावात बाजार. हे चौथीतला मुलगाही पकडतो.

दुसरं, शब्द तोच पण मुद्दा वेगळा. गावच्या तलावात नागपूरचा फुटाळा. याला जरा थांबावं लागतं.

तिसरं सगळ्यात चिवट. खरं, महत्त्वाचं, वर मजेशीर, आणि तरीही इथलं नसलेलं. उदाहरण घ्या. आपल्या भागातल्या या जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ का म्हणतात? मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपली. मालगुजारांचे तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले आणि ‘माजी मालगुजारी’चं झालं ‘मामा’. भारी माहिती आहे ना? पण गाळामुळे पाणी कमी मावतं, हे सांगणाऱ्या उताऱ्यात ती टाकली की वाचणारा मामांच्या मागे जातो आणि गाळ तसाच राहतो.

रूथ गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. कीटकांवरच्या उताऱ्यात त्यांनी मधे मधे रंजक पण बिनमहत्त्वाच्या गोष्टी पेरल्या. मुलांचं सोडा, मोठ्या वाचकांनाही मुख्य मुद्दे कमी आठवले. उताऱ्यातली गंमत लक्षात राहिली, उतारा कशासाठी होता ते राहिलं नाही. ओळखीचं वाटतंय? तासाभराच्या लेक्चरमधला सरांचा एक किस्सा आपल्याला पाठ असतो. तो किस्सा सरांनी कशावरून सांगितला, ते विचारू नका.

आता जरा गंभीर उदाहरण. समजा, गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातून उठून नव्या जागी वसलेल्या एखाद्या गावाबद्दल कुणी असं लिहिलं :

गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि नव्या गावठाणात वसलं.
नव्या गावात नळ आले, पण पाणी दिवसाआड येतं.
उन्हाळ्यात बायांना लांबून पाणी आणावं लागतं.
गोसेखुर्द प्रकल्पाची नियोजित सिंचनक्षमता अडीच लाख हेक्टर आहे.
पाण्याची टाकी दुरुस्त करा, अशी गावकऱ्यांची मागणी आहे.

गाव आणि टाकी मी कल्पनेतली घेतली. चौथ्या वाक्यातला आकडा मात्र खराच आहे. प्रकल्पही खरा आणि मोठा. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या आकड्यात खोट काढायला जागाच नाही. पण उतारा आहे टाकीबद्दल. अडीच लाख हेक्टर हा शब्द कानावर पडला की दिवसाआड येणारं पाणी एकदम बारकं वाटायला लागतं. उत्तर दिल्यासारखं होतं, टाकी मात्र तशीच गळत राहते.

हा खेळ एकाच बाजूचे लोक खेळतात असं समजू नका. कालव्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला, की विरोधात बसलेलेही ‘आधी सांगा, उद्घाटनाला कोण आलं होतं’ म्हणून सुरू होतात. तेही खरंच असतं. तेही इथलं नसतं.

इथे माझा मुद्दा आहे. खोटी बातमी पकडायला आपण थोडंफार शिकलोय. फोटो जुना आहे का, आकडा कुठून आला, लिंक कुणाची, हे दहातले चार जण तरी बघतात. पण खऱ्या आणि अस्थानी वाक्यापुढे फॅक्टचेक आडवा पडतो. तो तपासतो आणि सांगतो, ‘माहिती बरोबर आहे.’ मग आपण गप्प. म्हणून मुलांना एक प्रश्न पुरत नाही, दोन लागतात. हे खरं आहे का? आणि हे इथलं आहे का?

डोळे वाचतात, डोकं झोपलेलं

मुलांना हे आपोआप येत नाही का? येत नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तिसरी ते सहावीच्या मुलांसमोर छोटे छोटे उतारे ठेवले. एकात लिहिलं होतं, समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो. आणि थोडं पुढे, तिथले काही मासे आपलं खाद्य रंगावरून ओळखतात. काळाकुट्ट अंधार आणि रंगावरून ओळखणं! तरी कितीतरी मुलांना त्यात काही खटकलं नाही. उतारा समजला, असंच त्यांना वाटलं.

हा प्रयोग विसंगतीचा होता, विषयांतराचा नाही. पण दोन्हींचं मूळ एकच. मूल एकेक वाक्य सुटं वाचतं, प्रत्येक वाक्य समजतं, म्हणून सगळं समजलं असं त्याला वाटतं. हे वाक्य मागच्या वाक्याशी लावून बघायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे तर अजून आधीची पायरी अडलेली आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालात २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगट तपासला होता. २६ राज्यांतले २८ जिल्हे. त्यात साधारण २५ टक्के मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या प्रादेशिक भाषेत सलग वाचता आला नाही. ही आपल्या वर्गात बसणारी किंवा आपल्या मागच्या बाकावरून गळालेली मुलं आहेत.

पण उरलेल्या ७५ टक्क्यांचं काय? त्यांनी उतारा वाचला. समजून वाचला का, हा वेगळा प्रश्न. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं ध्येयही तिसरीपर्यंत मुलानं समजून वाचावं असंच आहे. समजलं की नाही हे कळायला ‘उताऱ्यातल्या गावाचं नाव काय’ हा प्रश्न कामाचा नाही. गावाचं नाव न समजताही शोधता येतं. ‘यातलं कोणतं वाक्य इथलं नाही, आणि का?’ हा प्रश्न समजल्याशिवाय सुटत नाही. आणि त्यातला ‘का’ काढून टाकला, की परत अंदाजपंचे सुरू.

गाय झाडाला बांधणारी पिढी

निबंधाचा तो जुना विनोद सगळ्यांना माहीत आहे. मुलानं गायीवरचा निबंध पाठ केलेला, परीक्षेत आलं झाड. यानं दोन ओळी झाडावर लिहिल्या, मग त्या झाडाला गाय बांधली आणि उरलेला निबंध गायीवर. आपण हसतो. पण खरं सांगा, आपण वेगळं काय केलं? ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ हे वाक्य आपण शेतकरी, पाऊस, बेरोजगारी आणि मोबाइल शाप की वरदान, अशा सगळ्या निबंधांत वापरलंय. पान भरलं की गुण मिळतात, हे आपल्याला लहानपणीच कळलेलं. नमनाला घडाभर तेल, आणि दिवा लावायच्या वेळी बाटली रिकामी.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत सारांशलेखन असतं. अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहायचा. प्रश्न उत्तम आहे. एक तृतीयांश ठेवायचं म्हणजे दोन तृतीयांश सोडायचं, आणि काय सोडायचं हे ठरवायला मुद्दा धरावाच लागतो. पण बहुतेक जण काय करतात? पहिलं वाक्य, मधलं एक, शेवटचं एक, जोडून दिलं. नाहीतर सरळ पत्रलेखन निवडतात, कारण पत्राचा साचा पाठ करता येतो.

दोष पोरांचा नाही. एका वर्गात दोन इयत्ता सांभाळणाऱ्या, वर सतरा ऑनलाइन माहित्या भरणाऱ्या गुरुजींचाही मी धरणार नाही. ‘का’ ऐकून घ्यायला वेळ लागतो आणि तपासायला त्याहून जास्त. गोल केलेला पर्याय तपासायला सेकंद पुरतो. आपली सगळी परीक्षापद्धती त्या सेकंदावर उभी आहे.

आपल्याच भाषेतला जुना धडा

ही शिस्त परदेशातून आणायची गरज नाही. मराठी गद्य उभं राहत होतं त्या तेराव्या शतकातच ती आपल्याकडे होती. महानुभाव पंथात केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ रचला, त्यात चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त आहेत. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही त्यात आहे. प्रत्येक दृष्टान्ताचे तीन भाग. आधी सूत्र, म्हणजे सांगायचा मुद्दा. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ही गोष्ट त्या मुद्द्याला कशी लागू पडते, ते.

तिसरा भाग नीट बघा. गोष्ट चांगली आहे, लोकांना आवडतेय, एवढ्यावर ती सोडून दिलेली नाही. ती इथे का आणली, याचा हिशेब दिलाय. चक्रधरांच्या शिष्यांमधले निळभट भांडारेकर आपल्या भंडाऱ्याचे, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही.

त्या पाचवीतल्या पोरीनं ओट्यावर काय केलं? बाजार इथे का बसतो, ते माशांचा दुवा देऊन सांगितलं. ते तिचं दार्ष्टान्तिकच होतं. आपण तिला त्याचं नाव सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

‘पण ताई, गप्पांचं काय?’

हे सगळं बोलून दाखवलं, की मित्र लगेच दोन-तीन शंका काढतात. त्या रास्त आहेत.

पहिली. सगळं मुद्द्यालाच धरून बोलायचं ठरवलं तर जगण्यात मजा काय? चहाच्या टपरीवर विषय भरकटलाच पाहिजे! शंभर टक्के मान्य. टपरीवरच्या गप्पा परिच्छेद नसतात. चांगला कीर्तनकारही मधेच चार घरचे किस्से सांगून येतो. पण तो परत येतो, आणि कुठे परत यायचं हे त्याला माहीत असतं. ज्याला मुद्दा माहीत आहे त्यानं खुशाल फाटे फोडावेत. मुद्दाच माहीत नसला की फाटेच उरतात.

दुसरी. बाहेरचं वाक्य म्हणजे वाईट वाक्य, असं मुलांच्या डोक्यात बसेल. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच शिकवण्याची पद्धत महत्त्वाची. आम्ही ओट्यावर त्या वाक्याला ‘पाहुणं वाक्य’ म्हणायला लागलो. पाहुण्याला हाकलायचं नाही, त्याच्या घरी पोचवायचं. बाजाराचं वाक्य काढलं, की लगेच पुढचं काम : या वाक्याचं घर बांधा. म्हणजे ते जिथे शोभेल असा चार वाक्यांचा नवा परिच्छेद लिहा. मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. अडीच लाख हेक्टरच्या वाक्यालाही त्याचं घर आहेच. सिंचनावर बोलताना ते पहिल्या ओळीत यावं. टाकीच्या दारात उभं राहू नये, एवढंच म्हणणं.

तिसरी शंका माझी स्वतःची. आपल्याकडे ‘हे इथलं नाही’ हे हत्यार भाषेवरही चालतं. झाडीपट्टीतलं पोर घरी ‘तरा’ म्हणतं, ‘मासोरी’ म्हणतं, ‘पानी’ म्हणतं. वहीत तसं लिहिलं की लाल गोल. हळूहळू त्याला वाटायला लागतं, की आपण बोलतो तेच विषयाला सोडून आहे. मग ते बोलतच नाही. त्या पोरीचं वाक्य मी प्रमाण मराठी नाही म्हणून उडवून लावलं असतं, तर त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला युक्तिवाद गेला असता. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं, ते उगाच नाही. बोली वेगळी आणि विषय वेगळा, या दोन गोष्टी शिकवणाऱ्यानं आधी स्वतः वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

आपण कुठे वाहवतो?

पोरांचं झालं. आता आपलं.

कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘शेवटची बस सहालाच निघते, प्रॅक्टिकल संपायच्या आत. मुलींना घरी जायचे वांधे होतात. निवेदन द्यायचं का?’ पुढचे साठ मेसेज मोजा. ‘आमच्या वेळी सायकलनं यायचो.’ ‘मुलींना तिकिटात सवलत आहे ना?’ ‘एसटी तोट्यात आहे.’ ‘त्या दुसऱ्या कॉलेजची तर इमारतच गळते.’ मग एक मीम. मग दोघांचं भांडण. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण बस किती वाजता सुटावी, यावर साठातले जेमतेम तीन मेसेज. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. निवेदन राहिलं, बस सहालाच निघाली.

ग्रामसभेत हेच होतं, फक्त तिथे माईक असतो. नाली तुंबली म्हणून बाई उभी राहते, तर कुणीतरी ‘मागच्या सरपंचाच्या काळात काय होतं’ ते काढतं. ‘तेव्हा कुठे होतात?’ हा प्रश्न जिंकायला फार सोपा आहे, कारण तेव्हा कुणीच कुठे नव्हतं. बाई खाली बसते. पुढच्या वेळी ती येतच नाही.

म्हणून मी याला पाचवीचा व्याकरणाचा प्रश्न मानत नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे, वेळ आहे, आवाज आहे, त्याला विषयांतर परवडतं. ज्याची टाकी गळतेय, ज्याची बस चुकतेय, त्याला नाही. विषयावर टिकून राहणं ही गरजवंताची गरज आहे. आणि ‘भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, त्यावर नंतर बोलू, आत्ता विषय नालीचा आहे’, हे एक वाक्य न घाबरता, न चिडता म्हणता येणं हे मोठं बळ आहे. ते पंचविसाव्या वर्षी अचानक येत नाही. दहाव्या वर्षी ओट्यावर यायला लागतं.

सात दिवसांत काय होईल?

रासेयोच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात आपण गावात जातो. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. संध्याकाळचा अर्धा तास गावातल्या पोरांना द्या. सामान काय? जुन्या वहीचे कोरे कागद, कात्री, पेन.

पहिल्या दिवशी वाचन नकोच, तोंडी खेळा. ज्यांना वाचता येत नाही ती मुलंही यात येतात. रोवणीची गोष्ट सांगा. पऱ्हे काढले, बांधीत चिखल केला, बाया रोवायला आल्या, आणि मधेच एक पाहुणं वाक्य. ऐकलं की टाळी वाजवायची.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या. पण बोट ठेवण्याआधी प्रत्येक गटानं ‘हे कशाबद्दल आहे’ ते एका वाक्यात सांगायचं. तिसऱ्या दिवशी शब्द तोच, मुद्दा वेगळा. चौथ्या दिवशी खरं आणि मजेशीर, पण इथलं नसलेलं.

पाचव्या दिवशी गंमत करा. पाचही वाक्यं बरोबर जुळणारी द्या, पाहुणा ठेवूच नका. बघा, किती पोरं बळेच कुणाला तरी बाहेर काढतात. आम्ही हे केलं तेव्हा एकही गट ‘सगळी बसतात’ म्हणाला नाही. प्रश्न विचारलाय म्हणजे चूक असणारच, ही शाळेनं लावलेली सवय. ती मोडायला हा दिवस लागतोच.

सहाव्या दिवशी मुलांनी स्वतः उतारे करायचे, आपण फसायचं. आपण खरंच फसतो, हे आधीच सांगून ठेवते. सातव्या दिवशी गावातला खरा प्रश्न घ्या, शाळेच्या नळाचा किंवा अंगणवाडीच्या छताचा. त्यावर पाच वाक्यांचा अर्ज मुलांकडून लिहून घ्या. एकही पाहुणं वाक्य नसलेला. मग तो खरोखर ग्रामपंचायतीत नेऊन द्या.

आणि एक नियम सगळे दिवस पाळा. ‘चूक’ म्हणायच्या आधी ‘का’ विचारा. कुणी सांगावं, समोरच्या पोट्टीच्या डोक्यात माशांचा दुवा तयार असेल, आणि आपल्यालाच तो दिसलेला नसेल.